न घेतलेला थेंब

मित्रांनो, मी साखर मोजतो. डब्यातली नव्हे, रक्तातली. मला ग्लुकोमीटर म्हणतात. तळहातावर मावेल एवढाच माझा देह. वर एक काच, काचेखाली एक बटण आणि पट्टी खोचायला खालच्या बाजूला एक बारीक फट. आता मी जुना झालो आहे. काचेवरच्या आकड्यातला एक दांडा उमटत नाही, त्यामुळे माझा आठ सहासारखा दिसतो. अशा यंत्रानं आजारी माणसाजवळ थांबू नये. म्हणून मला कामावरून काढलं, आणि ते योग्यच झालं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीनं बसत. एक काच बसवायची, दुसरी बटण, तिसरी माझी पाठ स्क्रूनं आवळायची. शेवटच्या खुर्चीवरची बाई चष्मा सारखा करून माझ्या पट्टीवर साखरेच्या पाण्याचा थेंब टाकायची, आणि आकडा बरोबर आला की मला पुढे सरकवायची. माझ्या आयुष्यातला पहिला थेंब असा पाण्याचा होता. त्या थेंबासाठी कोणी रडलं नव्हतं.

खोक्यातून निघालो तो थेट एका इस्पितळात, नवजात बाळांच्या विभागात आलो. काचेच्या पेट्या, चाकांचे पाळणे, कोपरानं उघडायचा नळ आणि भिंतीवर एक मोठं घड्याळ. खोली गार असायची, बाळांचे पाय त्याहून गार. विभाग मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली होता. त्या कधी मोठ्यानं बोलत नसत, आणि त्यांना कधी मोठ्यानं बोलावं लागतही नसे.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाची साखर कशाला मोजायची, असं तुम्हाला वाटेल. पोटात असताना बाळाला आईकडून साखर मिळत असते, अखंड. नाळ कापली की ती वाट बंद होते. बहुतेक बाळं आपली आपण सावरतात. पण दिवस भरण्याआधी आलेली बाळं, वजनानं फार कमी असलेली बाळं, आणि ज्यांच्या आईला गरोदरपणात साखरेचा त्रास होता ती बाळं, यांना ते लवकर जमत नाही. त्यांची साखर घसरते. आणि घसरली तरी बाळ काही सांगत नाही. कधी थरथरतं, कधी नुसतं झोपून राहतं, आणि बघणाऱ्याला वाटतं, किती गुणी बाळ आहे. तिकडे मेंदू उपाशी असतो.

मी येण्यापूर्वी नळीत रक्त भरून खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत पाठवत. उत्तर यायला तासभर लागे. मी तेच काम काही सेकंदांत करू लागलो. माझा आकडा थोडाफार इकडेतिकडे व्हायचा, म्हणून मी कमी दाखवला की खात्रीसाठी नळी खाली जायचीच; पण निदान घंटा तरी वेळेवर वाजायची. पहिल्या आठवड्यातच विभागाच्या डॉक्टरांनी मला उचलून धरलं आणि सगळ्यांना सांगितलं, की हा आपला पहारेकरी. मला मांस असतं, तर ते त्या दिवशी मूठभर चढलं असतं.

पण मला थेंब लागतो, आणि थेंब टाचेतून येतो. नवजात बाळाची टाच ती केवढी! तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी. तेव्हा टोचायला इंजेक्शनची साधी सुई वापरत. ती किती खोल जाईल ते टोचणाऱ्याच्या हातावर. पाय गार असला की रक्त येत नसे. मग टाच दाबायची, पिळायची, पुन्हा टोचायची. मला एक टिपूस पुरतो. पाऊण टिपूस मात्र पुरत नाही. कमी पडलं की मी काचेवर चूक दाखवायचो, पट्टी वाया जायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. दर तीन तासांनी. दुसऱ्या दिवशी तर कित्येक बाळं नुसता मोजा काढला तरी रडायला लागत. त्यांना अजून आईचा चेहरा नीट ओळखता येत नव्हता, पण पुढे काय होणार आहे हे कळायला लागलं होतं.

त्या वर्षी विभागात एक नवी सिस्टर आली होती. चणीनं लहान, म्हणून सगळे तिला छोटी म्हणत. ती टोचण्याआधी बाळाशी बोलायची, त्याची माफी मागायची, आणि टोचताना स्वतःच डोळे मिटायची. मोठ्या सिस्टर तिला म्हणायच्या की अगं, निदान एक डोळा तरी उघडा ठेव. सगळे हसायचे. छोटीही हसायची. तिला हे काम जमत नव्हतं हे मला कळत होतं, कारण तिच्या हातात असताना माझ्या पट्ट्या सर्वांत जास्त वाया जात.

एके दिवशी सकाळी एक बाळ आलं. वजन सव्वाचार किलो. गालांवर गाल चढलेले, मनगटांना वळ्या. आईच्या पोटावर शस्त्रक्रिया करून त्याला बाहेर काढावं लागलं होतं. विभागात आल्याआल्या त्याचं नाव पडलं पैलवान. आई घरी शिवणकाम करायची, वडील फरशा बसवायचे. वडिलांनी त्याला पहिल्यांदा उचललं तेव्हा दोन्ही हात पुढे करून उचललं, सिमेंटचं पोतं उचलावं तसं, आणि मग स्वतःच ओशाळून हसले. असं धडधाकट बाळ बघून कोणाला चिंता वाटणार? पण आईला गरोदरपणी साखर होती. अशीच गुबगुबीत बाळं फसवतात. आईच्या रक्तातल्या जादा साखरेवर ती वाढलेली असतात, आणि ती साखर एकदम तुटली की त्यांचं शरीर गडबडतं. म्हणून त्याच्या तक्त्यावर डॉक्टरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, की दूध पाजण्यापूर्वी दर वेळी साखर बघायची. चुकवायची नाही.

आठ वाजता मी अडतीस दाखवला. कमी होता. गालात आतून साखरेचा लेप चोळला, दूध पाजलं. साडेनऊला सत्तेचाळीस. अकराला पन्नास. गाडी रुळावर येत होती. पण त्या तीन आकड्यांसाठी त्याला सात वेळा टोचलं होतं. दोन्ही टाचा जांभळ्या पडल्या होत्या.

दोन वाजता मोठ्या सिस्टर जुळ्यांच्या जन्मासाठी ऑपरेशनच्या खोलीत गेल्या होत्या. छोटीवर नऊ बाळं होती. ती मला ट्रेमध्ये घेऊन पैलवानाच्या आईच्या खोलीत आली. बाळ आईजवळच्या पाळण्यात झोपलं होतं. छोटीनं मोजा काढला. बाळ जागं होऊन कळवळलं. तिनं टोचलं, थेंब पुरा झाला नाही, मी चूक दाखवली. दुसऱ्या टाचेला टोचलं, पिळलं, पुन्हा चूक. बाळाचा आवाज चिरकला होता. मग तोही थांबला, आणि ते दमून मान टाकून झोपलं.

आई पोटाचे टाके सांभाळत कशीबशी एका कोपरावर उठली. ती रागावली नव्हती. ती अगदी हळू बोलली.

"ताई, मी रोज सुईचं काम करते. कापडसुद्धा एका जागी इतकं टोचलं तर फाटतं हो. आता नको. बघा, झोपलाय. झोपू दे त्याला."

छोटीच्या हातात तिसरी सुई होती. तिनं ती बराच वेळ धरून ठेवली. मग ती तिनं टाकून दिली, टाच पुसली आणि मोजा चढवला. आईनं बाळाला जवळ घेऊन पाजायचा प्रयत्न केला. त्यानं दोन घोट घेतले आणि पुन्हा डोळे मिटले.

बाहेरच्या व्हरांड्यात, खिडकीच्या कट्ट्यावर तक्ता ठेवून छोटीनं दोन वाजताच्या चौकटीत लिहिलं, बावन्न. मी तिथेच ट्रेमध्ये होतो. माझी काच कोरी होती.

मित्रांनो, ती दुष्ट नव्हती. लिहिताना तिचे डोळे भरले होते. पुढच्या वेळी नीट घेऊ, तोवर होतंय काय, असं तिनं मनाशी धरलं असावं. पण तो बावन्न कुठल्या रक्तातून आला नव्हता. तो तिच्या दयेतून आला होता. आणि तक्ता वाचणाऱ्याला दयेचा आकडा आणि रक्ताचा आकडा सारखाच दिसतो. मधल्या वेळात डॉक्टर फेरीवर आले, बावन्न बघून त्यांनी मान हलवली आणि ते पुढे गेले.

पाचला मोठ्या सिस्टर स्वतः मला घेऊन आल्या. त्यांनी बाळाचा हात उचलून सोडला. तो धप्पकन खाली पडला. त्यांनी टाच टोचली. बाळ रडलं नाही. रक्त आलं, पुरेसं आलं. मी मोजलं. माझ्याजवळ अगदी कमी साखरेसाठी आकडाच नाही. मी फक्त 'लो' अशी अक्षरं दाखवतो. मी ती दाखवली. तेवढ्यात बाळाचा एक हात ताठ झाला, मग पाय, मग ओठांचा कोपरा लयीत उडू लागला.

आई विचारत होती की तो असं का करतोय. कोणालाही उत्तर द्यायला वेळ नव्हता. मोठ्या सिस्टर त्याला छातीशी धरून विभागात धावत आल्या. डॉक्टरांनी शीर शोधली. पहिली फुटली, दुसरी फुटली, तिसऱ्या वेळी सुई बसली. साखरेचं पाणी आत गेलं. झटके थांबायला बारा मिनिटं लागली. घड्याळ माझ्या समोरच होतं, म्हणून मला माहीत आहे.

बाळ शांत झाल्यावर डॉक्टरांनी तक्ता उचलला. दोनला बावन्न आणि पाचला ही अवस्था, हे त्यांना जुळेना. मोठ्या सिस्टरांनी माझं बटण दाबून धरलं. माझ्या पोटात मागचे आकडे वेळेसह राहतात, आणि त्या दिवशी मी फक्त पैलवानासाठी वापरात होतो. पाचचं 'लो' आलं. त्याच्या मागे अकराचे पन्नास आले. मध्ये काहीच नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. मी तरी दुसरं काय दाखवणार?

छोटी दाराशी उभी होती. कोणी विचारायच्या आधीच ती बोलली.

"दोनचा मी घेतला नाही. मनानंच लिहिला."

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आपला वाटा छोटीनं स्वतः सांगितला. तो तिलाच सांगावा लागेल असं मोठ्या सिस्टरांनी तिला बजावलं होतं. वडील कामावरून तसेच धावत आले होते, हातावर सिमेंट वाळलेलं होतं. ते उठून उभे राहिले. आता ते मारतील असं मला वाटलं. ते एवढंच म्हणाले की हिला पुन्हा माझ्या मुलाला हात लावू देऊ नका, आणि खोलीबाहेर निघून गेले.

आई मात्र बसून राहिली. ती म्हणाली, "नको असं मीच म्हटलं होतं ना."

डॉक्टरांनी तिला समजावलं की आईनं नको म्हणणं हा गुन्हा नव्हे. ते का हवं हे पटवून देणं आमचं काम होतं. ती ऐकत होती. पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. पुढचे तीन आठवडे बाळ विभागात होतं, आणि ती पेटीजवळ बसून त्याची टाच बघत असायची. जांभळा रंग उतरला, मग हिरवट झाला, मग टाच स्वच्छ झाली. टाचेला काहीच झालं नव्हतं.

छोटीला चौकशी होईपर्यंत कपड्यांच्या खोलीत दुपटी मोजायला बसवलं. ती नोकरी सोडायला निघाली होती. एक दिवस मोठ्या सिस्टर तिच्याकडे गेल्या. तेव्हा माझी बॅटरी बदलायची होती, म्हणून मी त्यांच्या खिशात होतो. त्या तिच्यावर रागावल्या नाहीत, त्यांनी तिला गोंजारलंही नाही.

"खोटा आकडा लिहिलास, तो तुझा गुन्हा. तो तू आयुष्यभर वागवशील," त्या म्हणाल्या. "पण टोचायला तुला मी शिकवलं. कमी दुखेल असं कसं टोचायचं, ते शिकवलंच नाही. इतकी वर्षं बाळं रडली, आणि मी म्हणत राहिले, रडायचंच. तो माझा."

चार महिन्यांनी छोटी विभागात परत आली. तोवर तिथल्या रीती बदलायला लागल्या होत्या. टोचण्याआधी टाच उबदार फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे रक्त आपसूक खाली उतरतं. टाचेच्या मध्यावर कधीच नाही, नेहमी कडेला. साध्या सुईऐवजी खटक्याची सुई आली; ती ठरलेल्या खोलीइतकीच जाते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे येते. पिळायचं नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे बाळाला पाळण्यात टोचायचं नाही, आईजवळ द्यायचं. बाळ आईच्या उघड्या छातीवर, तोंडात दूध, आणि पाय तेवढा बाहेर. शिवाय आईला आधी सगळं सांगायचं: हे कशासाठी, किती वेळा, आणि नाही केलं तर काय.

यातलं काहीच महाग नव्हतं, अवघडही नव्हतं. पैलवान जन्मला त्या दिवशीसुद्धा फडकं कपाटात होतं आणि आईची छाती हातभर अंतरावर होती. हे आठवलं की मला माझ्या सगळ्या कौतुकाची लाज वाटते.

आठ महिन्यांनी आई पैलवानाला तपासायला घेऊन आली. तो अजून बसत नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांसमोरून विजेरी फिरवली. डोळे स्वच्छ होते, काळेभोर होते, पण उजेडामागे गेले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यांत दोष नाही. डोळ्यांनी पाठवलेलं चित्र मेंदूच्या ज्या भागात उमटतं, तिथे इजा झाली आहे. थोडं सुधारेल. सगळं नाही. आईनं त्याच्या अंगावरचं झबलं नीट केलं. ते तिनंच शिवलेलं होतं.

दीड-दोन वर्षं गेली. मग विभागात माझ्याहून निराळं एक यंत्र आलं. केसाइतकी बारीक तार, बाळाच्या मांडीवर एकदा बसवायची, वर चिकटपट्टी लावायची. काही दिवस ती तिथे राहते आणि घडीघडीला साखर सांगते. ज्या बाळांना सर्वांत जास्त धोका, त्यांना ती लावू लागले. खात्री करायला अधूनमधून थेंब घ्यावा लागतोच, पण दिवसाला आठ-दहा टोचण्यांच्या जागी एखाददुसरं. ते यंत्र पहिल्यांदा लावलं तेव्हा ते बाळ दूध पीत होतं. त्यानं पिणं थांबवलं नाही. मी तेव्हा कपाटाच्या खणात पडलो होतो. खण अर्धा उघडा होता. मला हेवा वाटला का? वाटला. पण त्या खोलीत दुपारी नऊ बाळं असून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

खणात मी तीन-चार वर्षं काढली. माझ्या पट्ट्या बनेनाशा झाल्या. धूळ बसली. मोठ्या सिस्टर निवृत्त झाल्या, आणि विभाग छोटीच्या हाताखाली आला. आता तिला छोटी म्हणायची कोणाची हिंमत नाही. दर वर्षी नव्या मुली शिकायला येतात तेव्हा ती मला खणातून काढून टेबलावर ठेवते आणि दोन वाजताच्या त्या थेंबाची हकीकत सांगते. कोणा एका सिस्टरची गोष्ट म्हणून नाही. "हे मी केलं," असं म्हणून सांगते. एखादी मुलगी मान खाली घालते. छोटी थांबते, तिनं मान वर केली की पुढे सांगते.

गेल्या महिन्यात पैलवान आला होता. तो सहा वर्षांचा आहे. त्याला उजेड आणि माणसांच्या आकृत्या दिसतात, चेहरे ओळखू येत नाहीत. चालताना आईचं बोट लागतं. झटक्यांचं औषध इथल्याच डॉक्टरांकडून चालू आहे, त्यासाठी त्याचं रक्त तपासायचं होतं. वडील नेहमीसारखे जिन्यापाशीच थांबले. ते या दाराच्या आत येत नाहीत. नेमकं रक्त घेणारं दुसरं कोणी जागेवर नव्हतं. छोटीनं आईकडे बघितलं. आई खुर्चीवर बसली आणि मुलाला तिनं मांडीवर घेतलं.

मी टेबलावर होतो. पैलवानाचा चाचपडता हात माझ्यावर पडला. त्यानं माझी काच, बटण, फट, सगळं बोटांनी बघितलं.

"हे काय आहे?"

"जुनं यंत्र आहे. साखर मोजायचं," छोटी म्हणाली.

"दुखतं?"

"दुखतं," ती म्हणाली. "पण आता थोडंच."

त्यानं विचार केला. मग मोकळा हात पुढे केला. "सांगून टोच," तो म्हणाला.

तिनं त्याचा हात आधी आपल्या तळव्यात धरून उबदार केला. मग सांगितलं, आणि मग टोचलं. मी त्याच्या दुसऱ्या मुठीत होतो. मूठ घट्ट आवळली गेली, इतकी की माझी पाठ करकरली. मग हळूहळू सैल झाली. आयुष्यभर मी थेंब घेतले, हजारांनी घेतले. टोचणं म्हणजे काय हे मला त्या मुठीत पहिल्यांदा कळलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कधी लहानगं भावंड येईल. एखादी सिस्टर त्याचा पाय हातात घेईल, आणि तुम्हाला वाटेल, नको, त्याला दुखेल. तेव्हा तिचा हात अडवू नका. बाळाला आईच्या कुशीत द्या, त्याची टाच तुमच्या तळव्यात धरून गरम करा, आणि मग तिला सांगा, घ्या आता. दुखेल म्हणून बघायचं सोडू नका. कमी दुखेल असं बघायला शिका.